गाडी रस्त्यावर ठेवा, केळशीला पायी या

नाताळपासून नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारपर्यंत दापोली तालुक्यात समुद्राजवळ खोली मिळणं मुश्किल असतं. हर्णै, मुरूड, कर्दे, आंजर्ले भरलं की उरलेली मंडळी फोनवर नकाशा पसरून उत्तरेकडे सरकतात आणि त्यांना केळशी सापडते. ‘निवांत किनारा, गर्दी नाही’ अशी शिफारस कोणीतरी केलेली असते, आणि ती खोटीही नाही. तेव्हा जरूर या. महालक्ष्मीच्या देवळात जा, याकूबबाबांच्या दर्ग्यात जा, घरगुती खाणावळीत जेवा, नारळ-सुपारीच्या वाड्यांतून फिरा. आमची मागणी एवढीच आहे, आणि ती या आठवड्यातच करायला हवी: गाडी पुळणीवर उतरवू नका, आणि वाळूच्या टेकड्यांवर चढू-घसरू नका.

या आठवड्यातच अशासाठी, की ज्या दिवसांत तुमच्या गाड्या सर्वांत जास्त येतात, त्याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला या वाळूत यायला लागलेल्या असतात. नोव्हेंबरच्या सुमारास त्यांचा हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. पिल्लं निघता निघता मे उजाडतो. तुमच्या शनिवार-रविवारांशी आणि सलग सुट्ट्यांशी हे वेळापत्रक अगदी तंतोतंत जुळतं, हे दुर्दैव. त्यातलं एक वेळापत्रक बदलता येत नाही. दुसरं बदलायची गरज नाही, किल्ली खिशात टाकून दहा मिनिटं चालायची तयारी असली तरी पुरे.

ज्यांनी केळशी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं ठिकाणाबद्दल. उत्तरेला भारजा नदीची खाडी, पलीकडे साखरी. दक्षिणेला उटंबरचा डोंगर थेट समुद्रात शिरतो, आणि त्याच्या पायथ्याला काळा कातळ, वर जांभा, खाली कालवांनी खडबडीत झालेले धोंडे. या दोहोंच्या मध्ये लांब, रुंद, उघडी पुळण. मागे सुरूचं बन आणि त्याच्याही मागे वाड्या. खाडीच्या अंगाला आहे ती वाळूची टेकडी. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे पुष्कळ आहेत, पण केळशीसारखी उंच टेकडी दुसरी दाखवणं अवघड. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती नुसता ढिगारा वाटते, आणि ढिगारा दिसला की माणसाला त्यावर चढावंसं वाटतं. गाडीवाल्याला तर फारच.

या ढिगाऱ्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्व अभ्यासक डॉ. अशोक मराठे यांनी वर्षानुवर्षं लक्ष दिलं. टेकडीच्या पोटात खापरं, हाडं, नाणी असा माणसाच्या वस्तीचा ऐवज सापडला. मराठे यांनी मांडणी केली ती अशी, की ही टेकडी हळूहळू साठलेली नसून समुद्राच्या एका प्रचंड लाटेने, त्सुनामीने आणून टाकलेली आहे आणि तिचा संबंध १५२४ सालाशी असावा. त्या वर्षीच्या सप्टेंबरात वास्को द गामाची गलबतं दाभोळच्या बाहेर असताना वारा नसताना समुद्र खवळला, जहाजं हादरली, अशी नोंद पोर्तुगीज बखरकारांनी केलेली आहे. दाभोळ आणि केळशी एकाच तालुक्यातली गावं. ही मांडणी सगळ्या अभ्यासकांना मान्य आहे असं नाही, टेकडी वाऱ्यानेच रचली असं म्हणणारेही आहेत. वाद मिटेल तेव्हा मिटेल. पण तो मिटवायचा पुरावा वाळूच्या थरांतच आहे, आणि थर म्हणजे वहीची पानं नव्हेत की विस्कटली तर पुन्हा लावून ठेवता येतील. वरून चार जण घसरत खाली आले की चार वेगवेगळ्या काळांची वाळू एकत्र होते. नंतर कितीही मोठा तज्ज्ञ आला तरी त्याला ती वेगळी करता येत नाही.

आता गावातलाच एखादा विचारेल, आणि त्याने विचारावंच: या टेकडीचा लचका तर सागरी महामार्गाच्या पुलाच्या कामात आधीच तोडला गेला. खाड्यांमधून वाळूचा चोरटा उपसा होतो. त्याच्यापुढे पर्यटकाच्या चाकांची काय मातब्बरी? प्रश्न रास्त आहे. सरकारी कामांविषयी जे बोलायचं ते ग्रामसभेत आणि कचेरीत बोललं पाहिजे, आणि बोललं जातंही. पण महामार्ग एकदा येतो आणि कागदोपत्री येतो. गाड्या दर शनिवारी येतात, त्यांची नोंद कुठेच होत नाही आणि प्रत्येक चालकाला वाटतं, माझ्या एका फेरीने काय होतंय. जे आपल्या हातात आहे ते आज थांबवता येतं, म्हणून हे आवाहन तुम्हाला.

एका फेरीने काय होतं ते सांगतो. भरतीच्या रेषेच्या वर, जिथे कोरडी वाळू सुरू होते, तिथे खाली वाकून बघा. आपट्याच्या पानांसारखी दुहेरी, जाडसर पानं आणि जांभळी फुलं असलेला एक वेल जमिनीसरशी पसरलेला दिसेल. ही मर्यादवेल. तिचं खोड दोरीसारखं लांब जातं आणि पेरापेरातून मूळ सोडतं. वाऱ्याने उडत आलेले वाळूचे कण तिच्या पानांना अडतात, तिथेच पडतात, वेल त्या वाळूच्या वर पुन्हा डोकं काढतो, पुन्हा वाळू अडवतो. असा इंचाइंचाने उंचवटा चढतो. तिच्या सोबतीला असते ती काटेरी, राठ गवतासारखी रावणाची मिशी, जिचे वाळलेले गोळे वाऱ्यावर टणाटण उड्या मारत पुळणीभर पळतात. मुलं त्यांच्यामागे धावतात, हा खेळ जरूर खेळा, त्याने कोणाचंच काही बिघडत नाही. बिघडतं ते चाकाखाली. रुंद टायर वेलावरून गेला की खोड दोन-तीन ठिकाणी चेचतं. पुढचा भाग वाळतो, तिथली वाळू उघडी पडते, आणि दुपारनंतर समुद्रावरून जो वारा सुटतो तो नेमका त्या उघड्या जागेत शिरतो. आधी वीतभर खळगा होतो. मग त्या खळग्यातून वारा जोरात जाऊ लागतो, कारण अडवायला काही नसतं. काही आठवड्यांत तिथे टेकडीला खिंड पडते. पुढच्या गाडीवाल्याला ती खिंड म्हणजे आयता रस्ता वाटते.

आणि वाळू उडाली तर उडाली, असं म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही. पावसाळ्यात समुद्र पुळण खरवडतो. जून-जुलैमध्ये केळशी-आंजर्ल्याला येऊन बघा, हिवाळ्यात पाहिलेला रुंद किनारा अर्धा उरलेला असतो. ती वाळू लाटा आत ओढून थोड्या खोल पाण्यात बांधासारखी ठेवतात आणि ऑक्टोबरपासून, समुद्र निवळला की, हळूहळू परत आणून टाकतात. हा दरवर्षीचा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. वादळ येतं तेव्हा समुद्राची मागणी एकदम वाढते. ती भागवायला पुळणीमागचे हे वाळूचे उंचवटे उभे असतात. लाट त्यांना खाते, त्यांतली वाळू ओढते, आणि तेवढ्यात तिचा जोर संपतो. उंचवटा नसेल तर ती वाडीत शिरते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या या पट्ट्यात काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांची नारळाची झाडं, पोफळीच्या रांगा, सुरूची बनं काही तासांत आडवी झाली. वारा वाळूच्या टेकडीने थांबत नाही, तो दावा मी करणार नाही. पण पाणी थांबतं. शिवाय पावसाचं गोडं पाणी याच वाळूत मुरून राहतं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. लाटांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावरच्या विहिरीला गोडं पाणी कसं, याचं आश्चर्य पाहुण्यांना नेहमी वाटतं. उत्तर त्यांच्या गाडीच्या चाकाखाली असतं.

गोव्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या वाळूच्या टेकड्या हॉटेलांसाठी आणि शॅकसाठी सपाट होत गेल्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. आंतोनियो मास्कारेन्हास त्याबद्दल वर्षानुवर्षं लिहीत आले. आज तिथे नव्याने टेकड्या उभ्या करण्याच्या गोष्टी चालतात. केळशीत त्या अजून उभ्या आहेत, त्या राखायला खर्च शून्य आहे.

आता भरतीचं बघू, कारण ज्यांना कासवांचं आणि वेलांचं काही वाटत नाही त्यांना निदान स्वतःच्या गाडीचं वाटतं.

कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीसाठी अ‍ॅप लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या आकड्याला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा पाऊण सव्वाअकरा, दुपारी आणि रात्री. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फसवत नाही. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप आत जातं आणि खूप वर येतं.

हे माहीत नसलेल्या पाहुण्याचं काय होतं? तो पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाचला पुळणीवर पोचतो. तेव्हा पूर्ण ओहोटी असते. पाणी लांब गेलेलं, समोर ओली, टणक, गुळगुळीत वाळू, मावळता सूर्य आणि दुसऱ्या बाजूने वर येणारा चंद्र. जाहिरातीत असतं तसं सगळं. गाडी त्या टणक वाळूवरून भरधाव जाते, चाकांमागे पाण्याचे फवारे उडतात, मोबाइलवर चित्रीकरण होतं. मग तो तिथेच गाडी लावून चादर पसरतो. आठ वाजता पाणी निम्म्यावर आलेलं असतं, पण अंधारात ते दिसत नाही. नऊला चाकांभोवतीची वाळू भिजून सैल होते. गाडी सुरू केली की चाकं जागच्या जागी फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला बोटभर खाली जातात. सव्वाअकराला उधाण. कोणीतरी गावात धावतं, ट्रॅक्टरवाल्याला उठवतं, दोर बांधला जातो. कधी गाडी निघते, कधी दरवाजापर्यंत खारं पाणी पिऊन सकाळी निघते. या किनाऱ्यावर हे इतक्या वेळा झालंय की ट्रॅक्टरवाले आता हसतही नाहीत. एक मात्र आहे. गाडी काढायला ट्रॅक्टर येतो तो टेकडीच्या कडेने, वेल तुडवतच येतो. म्हणजे तुमची चूक वाळूवर दोनदा उमटते.

रात्रीच्या त्या वेळीच कासवीण किनाऱ्याला लागते. ऑलिव्ह रिडलेची पूर्ण वाढलेली मादी साधारण ४० किलोची. पाण्यात जितकी चपळ तितकीच जमिनीवर अवजड. ती भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सुरईसारखा खड्डा खणते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबते आणि निघून जाते. उजेड दिसला, माणसं बोलताना जाणवली, गाडीचे दिवे फिरले, तर ती खड्डा न खणताच परत फिरते. तिची अंडी थांबत नाहीत. दुसरीकडे जागा मिळाली नाही तर काय होणार ते सांगायला नको.

सकाळी उजाडायच्या आधी गावातले कासवमित्र पुळण चालत जातात. त्यांना घरटं शोधून देते ती फक्त एक खूण: मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांनी उमटलेला दुपदरी माग, पाण्यातून वर येणारा आणि पाण्याकडे परत जाणारा. मागाच्या टोकाशी काठी हलकेच खुपसून वाळू भुसभुशीत कुठे लागते ते ते बघतात. मग अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत तशाच खोलीवर पुरतात. रात्रभर गाड्या फिरल्या असतील तर माग पुसलेला असतो. कासवमित्राला घरटं सापडत नाही. कोल्ह्याला आणि कुत्र्याला मात्र सापडतं, कारण ते वासावर जातात. पुळणीवरच्या गाडीचा सर्वांत मोठा अपराध हाच, आणि तो करणाऱ्याला कधी कळतही नाही. त्याने कासव पाहिलेलं नसतं, चिरडलेलं नसतं, त्याने नुसती एक ओळ पुसलेली असते.

जी घरटी कोणाला सापडत नाहीत, त्यांतली पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी स्वतःच वर येतात. तळहातावर मावेल एवढं पिल्लू समुद्राकडच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने चालू लागतं. मध्ये टायरची चाकोरी आली की ते तिच्यात पडतं. आपल्याला चार बोटं खोल वाटणारी ती चाकोरी त्याला खंदकासारखी. चढता येत नाही म्हणून ते चाकोरीतूनच सरळ चालत राहतं, समुद्राला समांतर. सकाळचे कावळे आणि वाळूतले खेकडे तिथे वाट बघत असतात. आणि मागच्या बाजूला कुठे रिसॉर्टचा झगझगीत दिवा असला तर ते समुद्र सोडून दिव्याकडेच जातं.

एवढं सगळं एका कासवासाठी का, असं विचारणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली शेजारच्या वेळासची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, तिथे घरटी राखायला सुरुवात केली, गावकऱ्यांना बरोबर घेतलं, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. ज्या गावात अंडी खाल्ली-विकली जात होती त्या गावातल्या घरांमध्ये आज पाहुणे उतरतात, तेही कासवांची पिल्लं बघायला. मग वन विभागाच्या साहाय्याने हे काम केळशी, आंजर्ल्यासह कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर पसरलं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेला ट्रान्समीटर बसवला गेला, पश्चिम किनाऱ्यावर पहिलाच, म्हणून तिचं नाव प्रथमा ठेवलं.

दुसरी गोष्ट गुहागरची. २०२१ मध्ये ओडिशात एका मादीला टॅग लावला होता. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पुळणीवर. तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी असं बहुतेक धरून चाललेले होते. तिने तो समज मोडला. इतका प्रवास करून आलेल्या पाहुणीला आपण पार्किंगची जागा म्हणून वाळू दाखवायची का, हा साधा प्रश्न आहे.

कायद्याचंही सांगून टाकतो, लांबण लावत नाही. ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात येतात. कोकणातल्या किनाऱ्यांवर पुळणीत गाडी घालणाऱ्यांवर गुन्हे दाखल झालेले आहेत, गाड्या जप्त झालेल्या आहेत. पण पोलीस शिपाई प्रत्येक पुळणीवर रात्रभर उभा राहू शकत नाही, आणि त्याने राहावं अशी वेळ यावी हीच लाजेची गोष्ट.

आता समुद्रात उतरणाऱ्यांसाठी, आणि हे कासवांपेक्षाही तातडीचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगडातल्या मुरूडला पुण्याहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतले डझनभराहून अधिक विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या सहलीतले ८ जण गेले. ना पावसाळा, ना वादळ. हिवाळ्या-उन्हाळ्यातला शांत दिसणारा समुद्र. केळशीत खाडीच्या मुखाजवळ अजिबात पोहू नका. ओहोटीच्या वेळी भारजेचं सगळं पाणी तिथून बाहेर धावतं आणि गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या पायाखालची वाळूच सरकते. पुळणीवर इतरत्रही, जिथे दोन्हीकडे लाटा फुटतात आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, तो पट्टा शांत म्हणून निवडू नका. तिथेच पाणी आत ओढत असतं. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला या, मग वळा. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यात सोडू नका, तो कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी.

उटंबरच्या पायथ्याच्या खडकांवर जायचं असेल तर ओहोटी सुरू होताना जा आणि पाणी उलटायच्या आधी परत फिरा. तिथली डबकी बघण्यासारखी आहेत: खेकडे, छोटे मासे, खडकाला घट्ट धरून बसलेले शंख. गावातल्या बायका कालवं फोडायला तिथे जातात, त्या कुठे पाय देतात ते बघा आणि तसाच द्या. हिरवं शेवाळ म्हणजे घसरण, आणि कालवांची कड पाय चिरते. सेल्फीसाठी टोकाच्या धोंड्यावर उभं राहून समुद्राकडे पाठ करणं, याच्याइतका मूर्खपणा नाही. काही झालंच तर ११२ लावा. समुद्रात कोणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

खोल्या देणाऱ्या गावबंधूंनो, तुम्हालाही हात जोडून सांगायचं आहे. पाहुणा गाडी लावण्याआधी तुमच्याशीच बोलतो. बुकिंग घेताना एकच वाक्य जोडा, गाडी पुळणीवर जात नाही. अंगणात, आंब्याखाली, देवळामागे गाडी लावायला जागा दाखवा. समुद्राकडचे दिवे रात्री नऊनंतर बंद करा किंवा त्यांची तोंडं जमिनीकडे वळवा, एवढ्याने पाहुणे पळून जात नाहीत. पुळणीवर शेकोटी पेटवून देण्याची सोय ‘पॅकेज’मध्ये ठेवू नका. सुरूच्या वाळक्या काड्या पेटल्या की वारा ठिणगी कुठे नेईल याचा नेम नाही, आणि फुटलेल्या बाटल्या वाळूत वर्षानुवर्षं राहतात. जिथून गाड्या खाली उतरतात त्या वाटा ग्रामपंचायतीने चार धोंडे आडवे टाकून बंद कराव्यात. मोठा फलक, उद्घाटन, आमदारांचा फोटो, यातलं काही लागत नाही. चार धोंडे.

पर्यटक मंडळींनो, रात्री पुळणीवर फिरायला जायचंच असेल तर पाण्याच्या कडेने ओल्या वाळूतून, बिनउजेडाचं चाला. चांदण्यात दिसतं पुरेसं. कासवीण दिसली तर तिच्या पुढे जाऊ नका, दिवा मारू नका, फोटो काढू नका, बसून राहा. ती जखमी असेल, किंवा कोणी घरटं खणताना दिसलं, तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक कधीही चालतो. मेलेलं किंवा जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तरी कळवा, समुद्रात ढकलून मोकळे होऊ नका.

टेकडी बघायची असेल तर दर्ग्याकडून, पायवाटेने जा, जिथे आधीच वाट आहे तिथूनच. वर चढायचा मोह झाला तर खालूनच बघा, खालून ती जास्त मोठी दिसते. मुलांना वाळूत खेळायचं असेल तर भरतीच्या रेषेखालची ओली वाळू सगळी त्यांची. तिथे किल्ले बांधा, खंदक खणा, संध्याकाळी समुद्र ते पुसून टाकतो आणि उद्या नवी पाटी देतो. सपाट वाळूवरचे पांढुरके चिमुकले पक्षी, जे पाय दिसणार नाहीत इतक्या वेगाने पळतात, ते चिखले. त्यांचा पाठलाग मुलांना आणि कुत्र्यांना करू देऊ नका, थंडीत पोट भरायला येतात बिचारे.

आणि ज्यांना पिल्लं समुद्रात जाताना बघायची आहेत त्यांनी डिसेंबरात यायची घाई करू नये. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतचे दिवस त्यासाठी बरे. निघायच्या आधी गावातल्या कासवमित्रांना विचारा, हॅचरीत कुठलं घरटं किती दिवसांचं झालंय ते त्यांच्या वहीत असतं. पिल्लं बहुतेक सकाळी किंवा संध्याकाळी सोडतात, पण नेमक्या कुठल्या दिवशी निघतील ते वही सांगू शकत नाही. वाळू गार असली की दिवस लांबतात. तेव्हा परतीचं तिकीट एक दिवस उशिराचं काढा.